कोनाचे तीन समान भाग

आमच्या घरमालकांना 'साधारण' हा शब्द चालत नसे. भाजीवाला "साधारण अर्धा किलो भरली काका" म्हणाला की ते पिशवी परत तराजूत ठेवायला लावत. जास्त भरली असेल तर जास्तीची काढून देत, त्यामुळे भाजीवाल्याला त्यांच्यावर धड रागावताही येत नसे. डोंबिवली पूर्वेच्या त्या जुन्या इमारतीतली मुलं त्यांना 'मायक्रॉन' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं. एकदा त्यांनी जिन्यात मुलांना अडवून मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तो मोजतात कसा, हे इतकं सविस्तर समजावलं की त्यानंतर मुलं ते नाव जरा लांबूनच घेऊ लागली.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचं सगळं आयुष्य गेलं. कारखान्याला लागणारी हत्यारं, साचे, मापं जिथं घडवतात तो हा विभाग. नवीन इंजिनियर ड्रॉइंग घेऊन यायचे, हे होणार नाही म्हणायचे, आणि काका ते करून दाखवायचे. असे किस्से त्यांच्याकडे ढीगभर होते आणि सगळ्यांचा शेवट एकाच वाक्याने व्हायचा. "होणार नाही असं काही नसतं मॅडम. करणाऱ्याचा हात कमी पडतो, एवढंच असतं."

मॅडम म्हणजे मी. ठाण्याच्या एका कॉलेजात गणित शिकवते. आधी बरीच वर्षं नाशिकला शिकवत होते. लॉकडाऊन उठल्यावर ही नोकरी लागली, तेव्हा इथं येऊन खोली शोधत होते आणि घरमालकांना मुलाखती देऊन देऊन वैतागले होते. लग्नाचं काय, नॉनव्हेज खाता का, मैत्रिणी येणार का. यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही भूमितीच्या की बीजगणिताच्या?" बीजगणिताची, म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. मग आत काकूंकडे बघून म्हणाले, "चालेल." म्हातारा विक्षिप्त आहे हे माझ्या लक्षात आलं, पण खोलीला स्वतंत्र दार होतं आणि खिडकीतून ऊन येत होतं. राहायला गेले त्याच्या पहिल्याच रविवारी ते कागदाची गुंडाळी घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

शाळेत आपण सगळ्यांनीच कोनाचे दोन समान भाग केलेले असतात. कंपास ठेवायचा, दोन कंस मारायचे, ते जिथं छेदतात तिथून रेघ ओढायची. कोणताही कोन घ्या, दोन भाग होतात. आता तसेच तीन करा. हत्यारं तीच, कंपास आणि खुणा नसलेली पट्टी. कोनमापक लावायचा नाही, मोजायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, आणि म्हणूनच शतकानुशतकं माणसं या प्रश्नाच्या नादी लागली. काटकोनासारखे काही कोन सोडले तर हे करता येत नाही, याची पक्की सिद्धता आहे. अजून कुणाला जमलेलं नाही, असं नव्हे. होऊच शकत नाही. तरी दर पिढीत कुणी ना कुणी ते केल्याचा दावा करतं, आणि आमच्या धंद्यात अशा माणसांची पत्रं न वाचता बाजूला ठेवायची पद्धत आहे. पण हा माणूस माझा घरमालक होता आणि गुंडाळी घेऊन दारात उभा होता.

आकृती मात्र बघत राहावी अशी होती. कंपास त्यांनी स्वतः टूलरूममध्ये घडवलेला, पोलादाचा. पेन्सिलीला ते शार्पनर लावत नसत, पॉलिश पेपरवर घासून तिला धार आणत. आकृती काढताना पंखा बंद. कागद हलतो म्हणून. मे महिन्यात, डोंबिवलीत. काकू पदराने वारा घेत स्वयंपाकघरात बसून राहायच्या आणि त्या वेळात फोडणीसुद्धा करायच्या नाहीत, कारण शिंक आली तर रेघ हलते.

त्यांनी तिन्ही भाग कोनमापकाने मोजून दाखवले. तंतोतंत सारखे. मी कागद ठेवून घेतला, संध्याकाळी त्यांच्या रीतीची आकडेमोड केली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की दशांशचिन्हानंतर चौथ्या जागी फरक येतोय.

"एवढा फरक लोखंडालाही कळत नाही मॅडम."

"गणिताला कळतो, काका."

हे त्यांना आवडलं. आपल्यापेक्षा काटेकोर कुणीतरी भेटलं याचा त्यांना आनंद झाला असावा. गणित म्हणजे नेमकेपणा, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नाही, नेमकेपणा तुमच्याकडे. आमच्याकडे खात्री असते. तुम्ही कितीही बारीक रेघ काढा, तिला जाडी आहे. आमच्या रेघेला जाडी नसतेच, त्यामुळे ती कागदावर नसते. यावर त्यांनी विचारलं, मग कुठं असते? मी हसून विषय बदलला. इतकी वर्षं शिकवतेय, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून धड देता येत नाही. वर्गात कुणी विचारत नाही म्हणून निभावतं.

दोनतीन आठवड्यांनी नवी गुंडाळी आली. मग आणखी एक. दर वेळी मी चूक काढायचे, ते मान डोलवायचे, आणि पुढच्या खेपेला फरक आणखी खाली, आणखी पुढच्या दशांशात गेलेला असायचा. तोपर्यंत मी 'होऊच शकत नाही' हे शब्द उच्चारले नव्हते. त्यांना ते नवीन नव्हतेच. पूर्वी त्यांनी दोनतीन प्राध्यापकांना पाठवून बघितलं होतं आणि एकाने तेवढंच लिहून कागद परत केला होता. त्यांच्या लेखी तो प्राध्यापक ड्रॉइंग घेऊन आलेल्या इंजिनियरांपैकीच एक होता.

त्या वर्षी गणपतीत आणखी एक प्रकार झाला. सोसायटीच्या मंडपासमोर मोठी रांगोळी घालायची होती आणि बायकांनी सात पाकळ्यांचं कमळ ठरवलं. वर्तुळ चांगलं यावं म्हणून कुणीतरी काकांना बोलावलं, ही चूक झाली. वर्तुळ त्यांनी सुतळीने झकास काढलं. मग त्याचे सात समान भाग करायला बसले ते उठेचनात. सहा करतो, आठ करतो म्हणाले, पण बायका सातावर अडून बसलेल्या. आरतीची वेळ झाली, पोरं झांजा वाजवायला लागली, तरी काका गुडघ्यांवर बसून खुणा पुसतायत. शेवटी काकू आल्या, त्यांना दंडाला धरून बाजूला केलं आणि चिमटीत रांगोळी घेऊन डोळ्यांच्या अंदाजाने सात पाकळ्या ओढून मोकळ्या झाल्या. छान दिसत होतं. विसर्जनापर्यंत काका मागच्या फाटकाने ये-जा करत होते. मला हसू आलं होतं, आणि जरा गलबललंही. सात समान भागसुद्धा कंपास-पट्टीने होत नाहीत. त्याचं कारण, खोलात गेलं तर, जवळजवळ तेच आहे. माणूस एकाच भिंतीवर दोन्ही बाजूंनी आपटत होता आणि दोष आपल्या हाताला देत होता.

हे सगळं कुठून सुरू झालं, ते काकूंनी सांगितलं. काका बँकेत गेलेले, आम्ही दोघी वाल सोलत बसलेलो. त्यांच्या मुलाचा फोटो बाहेरच्या खोलीत होता, तो मी रोज बघत होते, पण विचारलं नव्हतं.

मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता. एक दिवस घरी येऊन म्हणाला, बाबा, आमचे सर म्हणतात कोनाचे तीन भाग होत नाहीत. काका म्हणाले, का नाही होणार? मी तुला करून दाखवतो. पुढच्याच महिन्यात टूलरूमची सहल होती, खडवलीला, नदीवर, बायकामुलांसकट. मुलगा मित्रांबरोबर पाण्यात उतरला आणि पुढे खोलात गेला. काका संगमेश्वरकडचे, नदीकाठी वाढलेले, पट्टीचे पोहणारे. ते धावत गेले, उडी घेतली, पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. मुलगा हाताला लागला नाही. संध्याकाळी तिथल्या गावकऱ्यांनी त्याला बाहेर काढलं.

"सगळे म्हणाले, पाण्याला ओढ होती, कुणालाच जमलं नसतं," काकू म्हणाल्या. "मीसुद्धा म्हटलं. पण ह्यांच्या पुढ्यात जमलं नसतं म्हणून काय उपयोग आहे? तुला माहितीय ना ते काय म्हणतात."

माहीत होतं. होणार नाही असं काही नसतं, हात कमी पडतो. टूलरूममध्ये शेखी मिरवायला हे वाक्य ठीक होतं. हा माणूस ते घेऊन घरी राहत होता.

मग काकूंनी जे मागितलं ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, "अगं, पुढच्या वेळी आणतील ना कागद, तेव्हा सांग की बरोबर आहे म्हणून. पोराला दिलेला शब्द पुरा झाला असं वाटेल त्यांना. तुझा एक शब्द जाईल. कुणाचं काय बिघडणार आहे?"

कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. कोणता पूल पडणार नव्हता. मी फार सत्यवादी आहे अशातलाही भाग नाही. कॉलेजात रजेसाठी मी एक मावशी दोनदा आजारी पाडलेली आहे. दोन आठवडे मी ठरवत होते की सांगून टाकू. मग ते गुंडाळी घेऊन आले. या वेळचा फरक इतका सूक्ष्म होता की माझ्या कॅल्क्युलेटरलाही तो दिसला नाही, कागदावर हाताने करावं लागलं. काका समोर बसलेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात, माझ्याकडे बघत. आणि मला जमलं नाही. बाकी सगळीकडे मी वेळ मारून नेते, पण तिथं खोटं बोलायला माझी जीभ उचलली नाही.

"काका, हेही चुकलंय," मी म्हटलं. "पुढचंही चुकणार आहे. का चुकणार आहे ते मी तुम्हाला शिकवते. वेळ लागेल, पण शिकवते."

काकू आत निघून गेल्या. त्यानंतर बरेच दिवस माझा सकाळचा चहा बंद झाला.

रविवारी दुपारी आमचा वर्ग सुरू झाला. असा विद्यार्थी मला आयुष्यात मिळालेला नाही, आणि पुन्हा मिळू नये. मी क्ष लिहिला की ते विचारत, कुठल्या मापात? मी म्हणायचे, माप नाही, नुसती संख्या. ते पेन्सिल खाली ठेवत आणि म्हणत, नुसती कशी असेल? एका समीकरणावर आम्ही दोन रविवार भांडलो. 'समजा' या शब्दाचा त्यांना मनस्वी राग. कशाला समजा, आहे की नाही ते सांगा. पण एकदा कळलेलं ते सोडत नसत. आठवडाभर भाजी आणताना, दाढी करताना ते घोळवत राहायचे आणि शनिवारी रात्री जेवताना काकूंना समजावून सांगायचे. काकू मला तोंड दाखवत नव्हत्या, पण भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

सिद्धतेचा गाभा तसा साधा आहे. कंपास आणि पट्टी वर्गमुळाच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत. दर पायरीला समीकरणाचा घात दुप्पट, पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट. आणि कोनाचे तीन भाग करायचे तर ज्या पायरीवर पोचायला लागतं ती तीनची आहे. दोन, चार, आठ, सोळा, असं कितीही पुढे जा, त्यातल्या कशालाही तीनने भाग जात नाही. हे त्यांच्यापर्यंत पोचायला गणपतीपासून होळी उजाडली. त्या दिवशी त्यांनी दोन, चार, आठची ती रांग स्वतः पुन्हा एकदा लिहून काढली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले की ड्रिलने चौकोनी भोक पडत नाही, तसं आहे हे. ड्रिल चांगलं असो, वाईट असो, चालवणारा कुणी असो. हत्याराचाच स्वभाव गोल.

"बरोबर," मी म्हटलं.

"म्हणजे कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"माझ्यापेक्षा दसपट हुशार असला तरी?"

"तरी नाही. आज नाही, पुढे कधी नाही."

मला भीती वाटत होती. एवढी वर्षं घातली, आता हा माणूस कोसळतो की काय. ते हसायला लागले. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते हसणं राहिलं नाही. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. म्हणाले, "मला वाटायचं मी एकटाच हरतोय." मग मोठ्याने हाक मारली, "अगं, ऐकलंस का? होतच नाही ते. सिद्ध झालंय." घरात कुणी बोर्डात आल्यासारखी ती हाक होती. काकू बाहेर आल्या, त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला गेल्या. तीन कप आणले.

इतकी वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आलेय की गणितात अशक्य सिद्ध करता येतं ही माणसाच्या बुद्धीची कमाल आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ती माया पण असू शकते. कुणीतरी येऊन सांगणं की बाबा रे, यात तुझी चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. मी खूप खूश होते. मी काकूंचं ऐकलं नाही, पण त्यांना हवं होतं ते त्यांना मिळवून दिलं, असं मला वाटत होतं.

त्यानंतर काकांनी कंपासला तेल लावून, फडक्यात गुंडाळून तो कपाटात ठेवून दिला. घरात पंखा चालू झाला. काका गॅलरीत बसून पेपर वाचू लागले, भाजीवाल्याशी थोडं कमी भांडू लागले. इमारतीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगांना जाऊन बिल्डरच्या माणसाला घरांची मापं विचारून हैराण करू लागले. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. टूलरूममधले जुने लोक आले होते, कुणी ठाण्याहून, कुणी पार कसाऱ्याहून. त्यातला एकजण मला म्हणाला की यांच्या हातासारखा हात पुन्हा होणार नाही. मी मान हलवली. इमारत आता पाडली आहे, काकू बहिणीकडे कल्याणला असतात. मी जाते अधूनमधून.

त्यांना मी एक गोष्ट सांगितलेली नाही. सिद्धता कळल्यावर महिनाभराने असेल, काकू भजनाला गेल्या होत्या आणि मी पेपर तपासत बसले होते. काका दारात आले. हातात गुंडाळी नव्हती. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुमचं ते अशक्यचं. ते फक्त कोनाचंच असतं, की बाकीचंही सिद्ध करता येतं?"

मी म्हटलं, बाकीचंही येतं, बरंच आहे, हवं तर पुढच्या रविवारपासून करू. ते म्हणाले, गणितातलं नाही म्हणत मी.

मग त्यांनी सांगितलं. पुढ्यात बघत, एखाद्या कामाची माहिती द्यावी तसं. "मी धावत गेलो ना तिथं, तेव्हा पायात कंपनीचे बूट होते. लेसचे. मी काठावर बसलो आणि लेस सोडली. आधी एक, मग दुसरी. बूट नीट बाजूला ठेवले आणि मग उडी मारली. सवय होती. घरात हिला माहीत नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बूट घालूनच उडी मारली असती तरी तो हाताला लागला नसता, असं सिद्ध करता येतं का?"

मी पेन खाली ठेवलं. मला सांगायला हवं होतं ते मला माहीत होतं, कुणालाही माहीत असतं. पण ते वाटेल त्याला विचारत नव्हते. ते मला विचारत होते, आणि सिद्धता म्हणजे काय हे मीच त्यांना शिकवलं होतं.

"नाही येत, काका," मी म्हटलं. "तिथं नाही येत."

त्यांनी मान डोलवली, आकृतीतली चूक मी सांगितली की डोलवायचे तशीच. जायला वळले आणि दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाले,

"तुम्ही हो म्हणाला असतात ना मॅडम, तर मी मानलं असतं."